रिव्हॉल्वरची झीज : निदान आणि निगा

प्रस्तावना

रिव्हॉल्वरचा चाप एकदा पूर्ण ओढला की एका बोटाच्या जोरावर पाच कामे ठरलेल्या क्रमाने होतात. घोडा मागे जातो. सिलिंडरला जखडून ठेवणारा खटका खाचेतून खाली उतरतो. हँड नावाची लहानशी पट्टी सिलिंडरच्या मागचा दाता ढकलते आणि सिलिंडर एक घर पुढे फिरतो. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये हे फिरणे साठ अंशांचे. खटका पुढच्या खाचेत बसतो. त्यानंतर घोडा सुटतो. या क्रमात जराशी दिरंगाई झाली तरी बार उडतोच, पण नळीच्या मागच्या तोंडाशी गोळीची कड तासली जाते आणि शिशाचा चुरा बाजूला फेकला जातो. शेजारच्या नेमबाजाला तो बोचला की हत्यार बिघडल्याची चर्चा सुरू होते. तोवर झीज बरीच पुढे गेलेली असते.

रायफलीत किंवा पिस्तुलात काडतूस ज्या घरात बसते ते घर नळीचाच मागचा भाग असते. रिव्हॉल्वरमध्ये घर आणि नळी हे वेगळे तुकडे आहेत, घरे पाच-सहा आहेत आणि प्रत्येक घराने आपली पाळी आली की नळीच्या रेषेत येऊन थांबायचे आहे. शिवाय सिलिंडर फिरता राहावा म्हणून दोघांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते. त्यामुळे रिव्हॉल्वरच्या झिजेचा अभ्यास हा प्रामुख्याने जुळणीचा अभ्यास आहे. एखादा भाग किती झिजला यापेक्षा त्याच्या झिजण्याने कोणती जुळणी ढळली, हा प्रश्न येथे मोठा.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला दोन परंपरांची ओळख करून घ्यावी लागते. एक कार्यशाळेची, दुसरी प्रयोगशाळेची. कार्यशाळेतल्या कारागिराला कुठला भाग कधी ढिला पडतो हे हाताला कळते. ते का होते हे सांगण्याची गरज त्याला सहसा पडत नाही. प्रयोगशाळेने ते कारण शोधले, पण सावकाश. घर्षणाचे नियम आमाँताँने १६९९ मध्ये मांडले होते. धातूवर धातू सरकताना नेमके काय घडते याची उकल मात्र विसाव्या शतकात झाली. बोडेन आणि टेबर या केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की गुळगुळीत वाटणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात आणि सगळा भार तेच उंचवटे सोसतात. १९५३ मध्ये आर्चर्ड यांनी त्यातून एक सोपे सूत्र दिले : भार आणि सरकण्याचे अंतर वाढेल तशी झीज वाढते, पृष्ठभाग कठीण असेल तशी घटते. १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला आणि घर्षण, झीज व वंगण यांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी हे नाव मिळाले.

या शास्त्राने झिजेचे जे प्रकार सांगितले ते जवळजवळ सगळे एका रिव्हॉल्वरमध्ये सापडतात, हे या हत्याराचे अभ्यासकाच्या दृष्टीने मोठे आकर्षण. चापाची आणि घोड्याची धार एकमेकींवर घासते तेथे चिकटून-सुटून होणारी झीज दिसते. दारूची काजळी तेलात मिसळली की ती पॉलिशच्या लुकणासारखी काम करते आणि क्रेनचा आस खरवडला जातो. क्रेन म्हणजे सिलिंडरला बाहेर झुलवणारा हात. खटक्याच्या खाचांमध्ये धातू उडून जात नाही, तर ठोक्याने पसरतो आणि खाचेच्या कडेला ओठ येतो. नळीच्या मागच्या तोंडाशी, गोळीला वाट दाखवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या भागात, तापलेला वायू धातू खातो. त्याच वायूची झोत फटीवरच्या फ्रेमच्या पट्टीत एक चर कोरते. हा चर नवख्याला फार भिववतो. पण तो ठरावीक खोलीपर्यंत जाऊन बहुधा थांबतो, कारण जसजसा खोल होतो तसतशी झोत दूर पडते. थकव्याने भेगा जातात. आणि या सगळ्यांवर गंज आहेच.

इतिहासाचा थोडा भाग येथे आवश्यक आहे. सॅम्युएल कोल्ट १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, कॉर्वो नावाच्या जहाजावर बोस्टनहून कलकत्त्याच्या सफरीला निघाला. फिरत्या सिलिंडरची कल्पना त्याच सफरीत सुचली आणि आपण लाकडाचा नमुना कोरला, असे तो पुढे सांगत असे. २५ फेब्रुवारी १८३६ ला त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. काळ्या दारूच्या त्या दिवसांत पहिला शत्रू झीज नव्हता, काजळी होती. काही बारांनंतर सिलिंडर आसावर अडकू लागे, म्हणून कोल्टच्या रिव्हॉल्वरांत आसावर वंगण धरून ठेवणारे चर कापलेले असत. झीज रोखण्याची उपाययोजना रचनेतच करण्याचे हे जुने उदाहरण आहे.

कोल्टचे दुसरे काम आपल्या विषयाला अधिक जवळचे. हार्टफर्डच्या कारखान्यात एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाच्या मदतीने त्याने यंत्रांवर एकसारखे भाग घडवण्याची पद्धत उभी केली आणि १८५१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे त्यावर निबंध वाचला. भागाचे ठरलेले माप आले, तेव्हा झिजेलाही अर्थ आला. मूळ माप माहीत नसेल तर आजचे माप कमी की बरोबर, हे कशावरून ठरवायचे? तरीही रिव्हॉल्वर पूर्णपणे मापाबरहुकूम कधीच झाले नाही. विसाव्या शतकातही चांगल्या कंपन्यांच्या रिव्हॉल्वरांत हँड, दाते आणि खटका कारागीर हाताने कानस लावून जुळवीत. १९५५ मध्ये आलेले कोल्ट पायथन हे अशा हातजुळणीचे प्रसिद्ध उदाहरण. अशा हत्याराबाबत छापील तक्त्यातला आकडा अर्धेच सांगतो. उरलेले अर्धे त्या विशिष्ट हत्याराच्या मागच्या नोंदीत असते. माझे मुख्य म्हणणे हेच आहे : झीज म्हणजे कालच्या आणि आजच्या मापातला फरक, आणि कालचे माप लिहून ठेवलेले नसेल तर निदान अंदाजावर येते.

रचना ओळखल्याशिवाय निदान करू नये, हे दुसरे सूत्र. जुन्या कोल्ट रचनेत गोळी सुटण्याच्या क्षणी हँड सिलिंडरला खटक्यावर दाबून धरते. चाप दाबून ठेवून सिलिंडर हलवून पाहिला तर तो तिजोरीच्या दारासारखा घट्ट लागतो. या घट्टपणाची किंमत हँड आणि दाते मोजतात, कारण प्रत्येक बाराचा भार त्यांच्यावरही येतो. स्मिथ अँड वेसनच्या रचनेत सिलिंडर धरण्याचे काम एकट्या खटक्याचे. तेथे किंचित खेळ मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणजे जो खेळ कोल्टमध्ये आजार ठरेल तोच स्मिथ अँड वेसनमध्ये निरोगीपणा आहे. रशियाच्या सैन्याने १८९५ मध्ये स्वीकारलेल्या नागांत रिव्हॉल्वरने तर फटीचाच प्रश्न मिटवला : घोडा चढताना त्याचा सिलिंडर पुढे सरकतो आणि काडतुसाचे तोंड नळीत शिरते. फट गेली, पण चाप अतिशय जड झाला. झीज टाळणारी प्रत्येक रचना तिचा भार दुसऱ्या कुठल्या तरी भागावर टाकते. तो भाग कोणता, हे अभ्यासकाने आधी शोधावे.

आता प्रत्यक्ष निदान. हत्यार रिकामे आहे याची दोनदा खात्री, ही पहिली पायरी. ती कधीही गाळायची नाही. दुसरी पायरी स्वच्छतेची, कारण मळ झिजेचे सोंग घेतो. काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली दारूचे चार न जळलेले कण अडकले तरी सिलिंडर घासून फिरतो, आणि क्रेन वाकली असावी असा संशय येतो. काडतुसे काढणाऱ्या दांडीचे आटे सैल होऊन ती लांबली की सिलिंडर उघडतच नाही. स्मिथ अँड वेसनने १९६० च्या सुमारास हे आटे डावे केले ते याचसाठी. मळाचे सोंग जिवावरही बेतू शकते. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक व्हिक्टरी रिव्हॉल्वर पडले, गोळी सुटली आणि एक खलाशी दगावला. घोड्याला अडवणारी सुरक्षापट्टी घट्ट झालेल्या ग्रीसमुळे जागेवर आली नव्हती. त्यानंतर कंपनीने ती रचनाच बदलली.

हत्यार स्वच्छ झाल्यावर मोजमाप. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने मोजतात. बहुतेक आधुनिक रिव्हॉल्वरांत ती साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असते. येथे एक बारकावा आहे. फट दोनदा मोजावी : सिलिंडर पुढे दाबून आणि मागे दाबून. समजा पुढे दाबल्यावर ०.०८ आणि मागे दाबल्यावर ०.२० आली. दुसरेच माप घेणारा म्हणेल, फट मर्यादेत आहे. पण दोहोंतला फरक ०.१२ मिलिमीटर आहे, म्हणजे सिलिंडर तेवढा पुढे-मागे आदळतो आहे. निरोगी हत्यारात हा फरक पाच शतांश मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आदळणे एकदा सुरू झाले की प्रत्येक बार ते वाढवतो.

याच उदाहरणातून निदानाचा सर्वांत उपयोगी धडा मिळतो : लक्षण एका जागी दिसते, कारण दुसऱ्या जागी असते. सिलिंडर पुढे सरकू लागला की काडतुसावर आदळणाऱ्या टाचणीचा ठोका त्याला फोडण्याऐवजी आधी सिलिंडरसकट पुढे ढकलतो. जोर वाया जातो आणि काडतूस फुसके निघते. मालक म्हणतो, स्प्रिंग कमजोर झाली. नवी, जोरकस स्प्रिंग बसवली जाते, काडतुसे फुटू लागतात, आणि क्रेनच्या टोकाची झीज, म्हणजे खरे कारण, तशीच चालू राहते. दुरुस्ती झाली असे वाटले, प्रत्यक्षात रोग झाकला गेला.

क्रमाची तपासणी तुलनेने सोपी. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवावा, दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला हलकासा विरोध करावा, आणि घोडा पूर्ण चढण्याआधी खटका खाचेत बसल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. प्रत्येक घरासाठी वेगळे. झपाट्याने चाप ओढला तर सिलिंडर स्वतःच्या वेगाने खाचेपर्यंत पोचतो आणि दोष लपतो. एकाच घराला उशीर होत असेल तर संशय त्या घराच्या दात्यावर. सगळ्यांना होत असेल तर हँडवर. सिलिंडरभोवती उमटलेली चकचकीत रेघ खटका वेळेआधी वर येत असल्याचे सांगते, पण काही रचनांत ती रूढच असते. म्हणून पुन्हा जुन्या नोंदीकडे जावे लागते.

दारूगोळ्याचा झिजेशी असलेला संबंध दोन घटनांतून नीट कळतो. स्मिथ अँड वेसनचे १९५५ चे कॉम्बॅट मॅग्नम, पुढे मॉडेल १९ म्हणून ओळखले गेलेले, अमेरिकेच्या सीमा गस्तीदलातील बिल जॉर्डन यांच्या आग्रहातून आले : .३८ स्पेशलच्या आटोपशीर फ्रेममध्ये .३५७ मॅग्नम. पहिल्या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, दुसऱ्याचा ३५,०००. सराव .३८ ने आणि कमरेला .३५७, अशी पोलिसांची रीत होती तोवर फारसे बिघडले नाही. सरावही मॅग्नमनेच होऊ लागला आणि १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्या आल्या, तेव्हा नळीच्या मागच्या तोंडाला भेगा जाऊ लागल्या. भेगा जात त्या बहुधा खालच्या बाजूला, कारण क्रेनला जागा देण्यासाठी तेथे धातू कमी केलेला होता. कंपनीने १९८० च्या सुमारास थोडी मोठी फ्रेम काढून हा प्रश्न सोडवला. दुसरी घटना .४४ मॅग्नमच्या मॉडेल २९ ची. लांब पल्ल्यावरचे लोखंडी आकार पाडण्याच्या स्पर्धांत त्यातून जड गोळ्या इतक्या झाडल्या गेल्या की धक्क्याने खटका खाचेतून निसटून सिलिंडर मागे फिरू लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खाचा लांब झाल्या आणि आतले भाग बळकट झाले. दोन्ही हत्यारे मुळात चांगली होती. रचनाकाराने गृहीत धरलेला वापर आणि प्रत्यक्षातला वापर यांत अंतर पडले.

प्रतिबंधाचा भाग यामानाने थोडका आहे, आणि तो सवयींचा आहे. मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणे चित्रपटात शोभते. प्रत्यक्षात त्याने क्रेन वाकते आणि साऱ्या घरांची रेषा बिघडते. सिलिंडर नेहमी दुसऱ्या हाताने, अलगद बसवावा. रिकामी काडतुसे काढताना नळी आकाशाकडे असावी, म्हणजे कण चांदणीखाली न जाता खाली पडतात. .३५७ च्या सिलिंडरमधून .३८ स्पेशल झाडले तर घराच्या पुढच्या भागात काजळीचे कडे जमते. ते ब्रशने काढल्याशिवाय लांब काडतूस घालू नये. तेल थेंबाने मोजावे. जादा तेल काजळीला धरून ठेवते, आणि प्रायमरमध्ये उतरले तर काडतूस निकामी करते. पोटॅशियम क्लोरेटचा प्रायमर असलेला जुना दारूगोळा वापरला असेल तर मागे राहणारा क्षार हवेतले पाणी ओढतो. तो नुसत्या तेलाने जात नाही, आधी गरम पाण्याने धुवावा लागतो.

शेवटचा मुद्दा आपल्या हवेत दुप्पट लागू आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कुठलेच पोलाद निर्धास्त नसते. अशा दिवसांत रिव्हॉल्वर चामड्याच्या म्यानात ठेवून कपाटात बंद करणे म्हणजे गंजाला आमंत्रण, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला लागतात. गंजाने खडबडीत झालेला भाग पुढे अधिक वेगाने घासला जातो, म्हणून गंज आणि झीज यांना वेगळे मानू नये.

आपल्याकडे हा विषय कोणाचा? पोलीस शस्त्रागारातल्या आर्मररचा तर आहेच. मधून मोडून उघडणारे वेब्ली रिव्हॉल्वर ब्रिटिश सैन्यात १८८७ मध्ये आले आणि भारतात दीर्घकाळ वावरले; कानपूरच्या आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्वर त्याच घराण्यातले, आणि २०१४ मध्ये आलेले हलके निर्भीकही. या रचनेत क्रेन नाही. झीज शोधायची ती पुढच्या बिजागरीत आणि माथ्यावरच्या कडीत. कडी ढिली झाली की नळी वर उचलली जाते. मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या तज्ज्ञासाठी झीज हा पुरावा असतो : 'चाप ओढलाच नाही, आपोआप सुटली' हा दावा घोड्याच्या धारेची अवस्था पाहूनच तपासता येतो. संग्रहालयातल्या जतनकाराचा दृष्टिकोन आणखी वेगळा. त्याच्या लेखी झिजेची खूण हा वस्तूचा इतिहास आहे आणि ती घासून चकचकीत करणे हे नुकसान.

खाजगी परवानाधारकाने मात्र आपली मर्यादा ओळखावी. पाहणे, मोजणे, स्वच्छ करणे आणि लिहून ठेवणे हे त्याचे काम. दुरुस्तीसाठी परवाना लागतो, असे शस्त्र अधिनियम, १९५९ चे पाचवे कलम सांगते. कायदा बाजूला ठेवला तरी तांत्रिक कारण पुरेसे आहे. कानशीने काढलेला धातू परत येत नाही, आणि चापाच्या धारेवर चुकून फिरलेला एक हात हत्याराला धोकादायक करून सोडतो.

वाचकाला विनंती एकच. आपल्या ताब्यातल्या रिव्हॉल्वरची आजची मापे घ्या : फट दोन्ही बाजूंनी, प्रत्येक घराचा क्रम, चाप ओढायला लागणारा जोर. तारीख घालून वहीत लिहा, कोणता दारूगोळा किती झाडला तेही लिहा, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी तीच मापे पुन्हा घ्या. दोन वर्षांच्या नोंदी हाताशी असलेल्या मालकाचे निदान वही न ठेवणाऱ्या तज्ज्ञापेक्षा अधिक भरवशाचे असते.